सामानाच्या खोलीतून

एकतीस वर्षं मी त्याच्या पोरांच्या जर्सी धुतल्या.
रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का होतो.
थंड पाणी लागतं, आणि सबुरी.
हे मी त्याला पहिल्याच हंगामात सांगितलं,
अकराच्या अकरा सामने हरलो तेव्हा.
तो ड्रायरला पाठ लावून जमिनीवर बसला होता,
ऊब मिळते म्हणाला.

रसेल व्हँडरमार्क, लॅक्रॉसचा मुख्य प्रशिक्षक.
मुख्य म्हणायचं, कारण दुसरा कुणी नव्हताच.
बस तोच चालवायचा, रेघाही तोच मारायचा,
फेब्रुवारीत तळ्यावरून वारा सुटला
की बर्फ उपसायला पहिलं फावडं त्याचं.

वर्षातून एकदा ओरिस प्रिंटअप यायचा
टस्करोरांच्या वस्तीतून, गंजक्या ट्रकमधून,
मागे हिकरीच्या काठ्या,
वाफेवर वाकवलेल्या, चामड्याच्या वादीने विणलेल्या.
पोरांच्या हातात तोवर प्लॅस्टिक आलं होतं.
तरी रसेल दर वर्षी एक काठी घ्यायचाच.
ओरिस एकदा म्हणाला, आमच्याकडे हा खेळ
आजारी माणसासाठीही खेळतात.
मग जिंकतं कोण? रसेलने विचारलं.
ओरिसने आधी कॉफी संपवली.
म्हणाला, दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे जाऊन बघतो.

सत्त्याण्णव साली उपांत्य सामना,
शेवटचे नऊ सेकंद, एका गोलने मागे,
आणि चेंडू खांबावर.
टण्ण.
ड्रायरमध्ये नाणं राहिलं की अगदी तसाच आवाज येतो.
रसेल उठायचा, मशीन बंद करायचा,
नाणं शोधून माझ्या तळहातावर ठेवायचा
आणि निघून जायचा.

लोरेनचे केस गेले त्या वसंतात
तो सामन्यात ओरडला नाही.
म्हातारा निवळला, पोरं म्हणाली.
मंगळवारी सरावाला उशिरा यायचा,
कोटावर हॉस्पिटलचा पाहुण्यांचा स्टिकर तसाच.
मी न बोलता काढून टाकायचो.
एका संध्याकाळी सगळे गेल्यावर
त्याने ओरिसची काठी घेतली
आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर चेंडू मारत राहिला.
थप्. झेल. थप्. झेल.
मी खिडकीतून मोजत होतो.
चारशेनंतर सोडून दिलं.
सकाळी विचारलं, कशी आहे ती?
थोडं सूप प्यायली, म्हणाला.

गेल्या मे महिन्यात तंबू लागला, केक कापला.
दोनशे सत्तेचाळीस विजय, अध्यक्षीणबाई म्हणाल्या
आणि त्याचं आडनाव चुकीचं उच्चारलं.
तो न्हाव्यासमोर बसल्यासारखा
मान ताठ ठेवून ऐकत होता.
पराभवांचा आकडा कुणी काढला नाही.
मला ते पाठ आहेत.
हरलेल्या सामन्याचं धुणं जड असतं,
का ते विचारू नका.

मग त्याचं कपाट रिकामं करायला मला सांगितलं.
दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने नावं, सालवार.
मला वाटलं, गाजलेली पोरं असतील.
एकही ओळखीचं निघेना.
ज्यांना त्याने संघात घेतलं नाही, ती ही पोरं.
'हात चांगला, श्वास पुरत नाही.'
'रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.'
'ड्वेन कोवाल्चिक. पाय मंद. आईला मीच फोन केला.'

ड्वेन आता कॉलेजचा बर्फ काढतो.
पहाटे चारला त्याच्या गाडीचा पिवळा दिवा फिरतो,
रस्त्यांच्या आधी मैदानावर.
कार्यालयाने दोनदा लेखी समज दिली.
तो ऐकत नाही,
आणि इतकी वर्षं मी त्याला आडमुठा समजत होतो.

नवा प्रशिक्षक चांगला आहे, टॅबलेट घेऊन हिंडतो.
कपाटाला पांढरा रंग मारून घ्या म्हणाला,
आतूनसुद्धा.
रंगाचा डबा आणून ठेवलाय.
सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला.
डबा उंचीला बरोबर आहे,
मी त्यावर इस्त्री ठेवतो.